धावतेकाकांची कार्डं

आमच्या कोशाच्या कचेरीत ज्यांना सगळे धावतेकाका म्हणायचे, ते गृहस्थ आयुष्यात कधी धावले असतील असं मला वाटत नाही. जिना चढायचे तोसुद्धा प्रत्येक पायरीची विचारपूस करत. नाव पडलं ते ‘रन’ या इंग्रजी शब्दामुळे. इंग्रजी-मराठी कोशाचं काम सुरू झालं तेव्हा एवढासा शब्द आहे, आठवड्यात उरकेल, असं सांगून तो त्यांच्या गळ्यात घातला होता म्हणे. त्याला एकोणीस वर्षं झाली. माणूस धावतो, पण नळ वाहतो, बस सुटते, यंत्र चालतं, निवडणूक लढवतात आणि अंगात ताप असतो. इंग्रजाचं या सगळ्यात एका शब्दावर भागतं. आपल्याला मात्र दर वेळी नवा शब्द हुडकावा लागतो, आणि तो हुडकण्यात काकांचे केस पांढरे झाले. त्याआधी ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मुलाच्या लग्नानंतर लवकरच बायको गेली. घरी मुलगा आणि सून. मुलगा सदा फिरतीवर.

माझं काम कार्डं सांभाळण्याचं. शब्दाच्या एकेका अर्थाला एकेक कार्ड, त्यावर मराठी अर्थ, समानार्थी शब्द आणि वापराचं एक वाक्य. ‘रन’ची कार्डं दोन खण भरून होती. खणातून कार्ड काढलं की त्या जागी आपल्या नावाची गुलाबी चिठ्ठी लावायची, आणि संध्याकाळच्या आत कार्ड परत. कार्ड खोलीबाहेर न्यायचं नाही, हा एकच नियम कडक. दुसऱ्या कुणा कोशवाल्याच्या हाती ती लागली तर आमची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. एकाने दोन कार्डं घरी नेली होती, त्याला सरांनी दुसऱ्याच दिवशी नारळ दिला. सर म्हणजे आमचे मुख्य संपादक.

आणि मी? मी संशयी बाई आहे, लपवून काय करू? दूधवाल्याने मापाबाहेर चार थेंब जास्त घातले तरी मला वाटतं, आज यात काहीतरी आहे. तू पोलिसात जायला हवी होतीस, असं नवरा म्हणतो.

तर झालं काय, पुस्तक छापायला जायला चार महिने उरले होते आणि काका एकदम बदलले. आधी आमच्याबरोबर चहाला बसायचे, ते बंद झाले. टेबल खिडकीपाशी सरकवून घेतलं, खिडकीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. वाऱ्यासाठी असेल, असं बाकीचे म्हणाले. वाऱ्यासाठी कुणी वाऱ्याकडे पाठ करून बसतं का? मागून कुणी डोकावू नये म्हणूनच असणार, माझी खात्री झाली. त्यात ती कापडी पिशवी. सकाळी छातीशी धरून आणायचे, संध्याकाळी छातीशी धरून न्यायचे. एकदा मी नुसतं म्हटलं, काका, धरू का जरा, तर असे दचकले की माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

मी खण उघडून बघितले. काकांचं अक्षर बारीक, एका कार्डावर बारा ओळी मावायच्या. आता खणात निम्मी कार्डं भलत्याच अक्षरात होती, टपोऱ्या, काळ्याभोर, एका कार्डावर जेमतेम तीन ओळी. एका अर्थाला चार-चार कार्डं दोऱ्याने बांधलेली. जुनी कार्डं गायब. मी एक नाकाशी नेलं तर साबणाचा वास आला. आमच्या कचेरीत साबण कुठला, हात धुवायला पाणी मिळालं तरी नशीब.

बरं, अर्थही बदललेले. धुताना कपड्याचा रंग जातो त्यालाही इंग्रजीत ‘रन’च. त्यावर काकांनी पूर्वी ‘रंगाचे विसरण होणे’ असलं शास्त्राच्या पुस्तकातलं काहीतरी लिहिलं होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. नव्या कार्डावर होतं, ‘रंग जाणे, धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागणे’. आणि मोज्याची वीण उसवत जाते त्यावर, ‘टाका सुटून वर सरकत जाणे’. अहो, या माणसाने जन्मात कधी सुई हातात धरली नसेल. हे कुणी बाहेरचं लिहितंय, कार्डं बाहेर जातायत, आणि जुनी कुठे विकली जात असतील देव जाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी खण सांभाळायचे आणि यांनी माझ्याच नाकाखालून ते रिकामे करायचे.

मंगळवारी मी सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, पुरावा आणा, नुसत्या वासावर मी माणूस काढणार नाही. पण खरं निघालं तर सोमवारपासून काका या टेबलावर नसतील, आणि पुस्तकात त्यांचं नावही नसेल.

पुरावा कसा आणायचा ते मला चांगलं ठाऊक होतं. दर शुक्रवारी मोठ्या टेबलाभोवती वाचन असायचं. ज्याने त्याने आपली कार्डं वाचायची, बाकीच्यांनी खुसपटं काढायची. कार्डांचे गठ्ठे मीच वाटायचे. त्या शुक्रवारी मी काकांच्या गठ्ठ्यातलं घर चालवण्याच्या अर्थाचं कार्ड काढून मांडीवर ठेवलं, आणि त्या जागी ‘सेट’ या दुसऱ्याच शब्दाचं एक कार्ड खुपसलं. त्यावर सिमेंट घट्ट होण्याबद्दल काहीतरी होतं, बारीक अक्षरात. माझा हिशेब सरळ होता. कार्डं स्वतः केली असतील तर काका लगेच म्हणतील, हे माझं नाही. दुसऱ्याकडून करून आणली असतील तर मुकाट्याने सिमेंट वाचून मोकळे होतील, आणि बिंग फुटेल.

काकांची पाळी आली. तीन कार्डं वाचली, वाद झाले, मिटले. मग ते कार्ड हातात आलं. माझे कान टवकारलेले. काकांनी ते डोळ्यांशी नेलं, खिडकीच्या बाजूला कलतं केलं, पुन्हा लांब धरलं. मग कार्डावर बोट ठेवून, ओळीवरून फिरवत, शांतपणे वाचायला लागले.

“घर चालवणे. घर सांभाळणे, संसार ओढणे, संसार रेटणे. वाक्य : सासूबाई गेल्यावर सगळं घर तिनेच चालवलं, आणि कुणाला कळूही दिलं नाही.”

खरं कार्ड माझ्या मांडीवर होतं. मी शब्द न् शब्द पडताळला. काना-मात्रेचा फरक नव्हता. आणि त्यांच्या बोटाखाली सिमेंट होतं.

खिडकीपाशी टेबल कशाला, अक्षर एवढं मोठं कशाला, चहाला न येणं कशाला, सगळं एकदम डोक्यात उजेड पडल्यासारखं कळलं. या माणसाला दिसत नव्हतं. गुरुवारी घरी कुणीतरी वाचून दाखवत असणार आणि हे क्रमाने पाठ करून येत असणार, दर आठवड्याला. आणि मी त्यांच्या हातात खोटं कार्ड दिलं होतं.

वाक्य सरांना फार आवडलं. “बघू ते कार्ड,” म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

काकांनी कार्ड सोडलं नाही. त्यांना काय माहीत त्यावर काय आहे, पण मोठी अक्षरं त्यावर नव्हती एवढं त्यांना कळलं असणार, कारण ते त्यांनी पिशवीसारखं छातीशी धरलं. मी उठले आणि ते त्यांच्या बोटांतून काढून घेतलं.

“शाई पुसट झालीय, सर. मी नवीन लिहून देते.”

सरांनी हात मागे घेतला. “आणि मंगळवारचं तुमचं?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. खोटं बोलले असं अजूनही मला वाटत नाही.

सगळे गेल्यावर काका हळूच म्हणाले, तुम्हाला कळलं तर. डॉक्टरांनी सांगितलंय, आतली नसच सुकत चाललीय, चष्म्याचा उपयोग नाही. एवढा एक शब्द पुरा होऊ दे, मग मी आपणहून घरी बसतो. मी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं, तेही साखळी न काढता. हात साबणाच्या फेसाने भरलेले. काका आत झोपले होते. कार्डांसाठी आलेय म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला.

“खणांवर पहारा ठेवणाऱ्या त्या बाई तुम्हीच ना? त्यांची जुनी कार्डं सगळी आहेत इथे. बुटांच्या खोक्यात, क्रमाने. मोजून घ्या आणि जा.”

माझ्यावरच संशय. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी माझी पिशवी उघडली. त्यात ‘रन’ची उरलेली, अजून बारीक अक्षरातली कार्डं होती, एकाही जागी गुलाबी चिठ्ठी न लावता आणलेली, आणि घर चालवण्याचं ते एक कार्ड, सरांना कबूल केल्याप्रमाणे रात्री बसून मी तसल्याच टपोऱ्या अक्षरात नव्याने उतरवलेलं. ते मी फटीतून आत दिलं. तिने हात पदराला पुसून ते घेतलं आणि वाचलं. ते वाक्य तिचंच होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मग तिने साखळी काढली. कार्ड हातभर लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं, आणि मला परत दिलं.

“गेल्या महिन्यात एवढं दिसायचं त्यांना,” ती म्हणाली. “आता याच्या दुप्पट काढा.”