वरकुट्याचा सांगावा

भिमादादा माझा थोरला भाऊ. आमी सणसरच्या महारवाड्यातली. गावात कुणी मेलं की लांबच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचं काम आमच्या घराकडं. एरवी गावकरी मेले उंबऱ्यावर आमची सावली पडू देत न्हवते, पण घरात मयत झालं की पयली आरोळी, "भिम्या कुठं हाय रं?" अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

दादा पयल्यांदा गेला ती साल तेहतीसची असंल. गावातल्या रामहरीआप्पांचा बाप पहाटं वारला. त्या म्हाताऱ्याची लेक सिंधुबाई वरकुट्याला दिलेली, सात कोस. दादा सुटला तो दावं तुटलेल्या खोंडागत. तीन कोसांवर पोटात कळ आली, मग घटाघटा पाणी प्याला आन् लिंबाखाली बसला तो बसलाच. सिंधुबाईची बैलगाडी आली तवा दिवस बुडत व्हता आन् सरण निम्मं जळलं व्हतं. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "कुठं बसला व्हतास रं? माझ्या बापाचं तोंड बी दिसलं न्हाय मला."

ते बोलणं दादाच्या मागं लागलं. जेवता जेवता हातातला घास थांबायचा. "रतने, सिंधुबाई आली बघ," म्हणायचा. दारात बघावं तर चिटपाखरू न्हाय!

मग त्यानं पळणं शिकायला घेतलं. शिकवणार कोण? त्याचं त्यानंच. पयला कोस हळू, म्हातारीनं मागं टाकलं तरी चालंल. चार पावलांत श्वास आत, चार पावलांत भाईर. वाटंत पाण्यानं नुसती चूळ भरायची, कमरंला मूठभर फुटाणं. काम नसंल त्या दिवशी उजाडता सुटायचा आन् वरकुट्याची शीव गाठून माघारी यायचा. दोन वर्सांत पाय असं झालं की तिकडची लोकं न्याहारीला बसायच्या आत हा पठ्ठ्या शिवंवर हजर.

पण त्या वाटंवरच्या लोकांचं काय? भिमा पळत आला म्हंजी कुणाचं तरी माणूस गेलं, हे समद्यांना ठावं. बाया हातातलं खुरपं टाकून उभ्या ऱ्हायच्या, तो पुढं गेला की मगच खाली बसायच्या. मी म्हणलं, "दादा, कॅनॉलच्या कडंनं पळ की. कशाला लोकांच्या काळजाचं पाणी करतोस?" तर म्हणतो, "सांगावा ह्याच वाटंनं न्यायचा हाय, तर दुसरीकडं पळून काय करू?" हट्टी! बापाच्या वळणावर गेलेला.

वरकुट्याच्या अलीकडं प्रयागबाईची वस्ती. म्हातारी वांगी-मिरच्यांचं माळवं करायची. तिची एकुलती लेक बनाबाई आमच्या सणसरला दिलेली, आन् पंधरा दिवस हिवतापानं अंथरुणाला खिळलेली. ताप उतरला व्हता, पण ते म्हातारीपतोर पोचलं न्हवतं. त्या सकाळी दादा सांगावा न घेता नुसता सरावाला पळत व्हता, आन् त्याच्या टाचंत बाभळीचा काटा मोडला, नेमका तिच्या दारासमोर. दादा थांबला. आन् सांगावा आणणारा थांबतो तो ज्याचं माणूस गेलं त्याच्याच दारात. म्हातारी वाफ्यातनं पुढं आली. "माझी बना गेली का रं?"

दादाला धाप लागलेली, तोंडातनं शब्द फुटंना. "थांबा" म्हणायला त्यानं नुसता हात वर केला. म्हातारी काय समजायचं ते समजली. "बने!" म्हणून एकच हाक मारली आन् वाफ्यात कोसळली, ती उठलीच न्हाय. तितं तिसरं माणूस न्हवतं. दादानंच हाळी देऊन वस्ती गोळा केली.

तिचा दीर आबाजी म्हणाला, "बनाला सांगावा धाडाया पायजे." आन् समद्यांनी दादाकडं बघितलं. काटा तसाच टाचंत, दादा माघारी फिरला. त्या दिवशी जसा पळाला तसा जन्मात कधी पळाला न्हाय. मागनं म्हातारीची हाक येत व्हती म्हणं, पार सणसरची वेस येईपतोर. "बने, बने."

बनाबाई वेळंवर पोचली. आईचं तोंड बघितलं, तिच्या व्हटांवर पाणी सोडलं.

दिवस-कार्य उरकून ती सणसरला आली, ती थेट महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभी ऱ्हायली. संगं सासू, डोळं वटारून. तरी दादापुढं हात जोडलं बाईनं. "भिमा, तुझ्या पायांची पुण्याई म्हणून मला माय दिसली."

मग तिनंच पुढं विचारलं,

"तू व्हतास ना रं तितं? जाताना तिनं माझं नाव काढलं का?"

"व्हय," दादा म्हणाला. "तुमचंच."

बनाबाईच्या तोंडावर कसलं समाधान आलं म्हणून सांगू! पदरानं डोळं पुसत गेली बाई.

मग दादा भिताडाला टेकून बसला आन् मला खरं काय ते सांगितलं. मी वरडले, "अरं, मग तिला का न्हाय सांगितलंस?"

"रतने, ह्या खेपंला मी वेळंत पोचलो गं," एवढंच म्हणाला. दिवस मावळेपतोर तेच म्हणत ऱ्हायला.