तळ्याच्याच पाण्यावर

लग्न होऊन मोरव्याला आले तेव्हा सासऱ्यांशी माझं बोलणं चहा-जेवणापुरतंच असायचं. मी गिरगावातली, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवणारी. ते जन्मभर खाडीकाठी राबलेले. मिठागर बंद पडल्यावर त्यांनी तिथल्याच दोन तळ्यांत कोलंबी सोडली होती.

त्या वर्षी कोलंबी मरायला लागली. सकाळी जाळी वर काढली की चार-पाच पिल्लं पांढुरकी, लुळी पडलेली दिसायची. दुकानातून आणलेलं औषध टाकलं की आठवडाभर मर थांबायची आणि मग पुन्हा सुरू. एका सकाळी ते बांधावर नुसते बसून राहिले. मी नेलेल्या चहालाही हात लावला नाही. मग मीच विचारलं, थोडं पाणी आणि चिखल तपासायला नेऊ का. ते म्हणाले, ने.

कॉलेजच्या लॅबमध्ये तपासलं, तर रोगाचे जंतू दोन्ही तळ्यांत सापडले. पण तिवरांच्या झाडांकडच्या चिखलात दुसराच एक जिवाणू होता. काचेच्या बशीत दोघांना शेजारी वाढवलं, तर त्याच्याभोवती स्वच्छ कडं राहिलं. रोगजंतू तिथे उगवलेच नव्हते. मी मोबाइलवर फोटो दाखवला. सासऱ्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. हा त्यांना मारतो काय, असं विचारलं. थोडेफार मारतो, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांचं खाणं आणि जागा आधी अडवतो, मी सांगितलं.

बादलीतल्या थोड्या कोलंबीवर आधी वापरून पाहिला. काही अपाय झाला नाही, तेव्हा कॅनभर जिवाणू वाढवून तिवरांजवळच्या तळ्यात सोडले आणि तिथलं औषध बंद केलं, नाहीतर हेही मेले असते. चार दिवसांनी तपासलं, तर सोडलेले जिवाणू जवळपास नाहीसेच झाले होते. कोलंबी मरतच होती. मला घरात वावरायचीही लाज वाटायला लागली.

संध्याकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले. तू त्यांना कुठल्या पाण्यात वाढवतेस, म्हणाले. लॅबमधल्या, मोजून मीठ घातलेल्या, मी सांगितलं.

"आपलं पानी तसं न्हाय," ते म्हणाले. "त्यांना आपल्याच पान्यात वाढव ना गो."

हे मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तळ्याचं पाणी गाळून, मोठ्या पातेल्यात उकळून, गार करून दिलं. पुढे दर तीन दिवसांनी त्या पाण्यात वाढवलेल्या जिवाणूंचा कॅन मी स्कूटरवरून आणायचे आणि ते पॅन्ट दुमडून बांधावर उभे असायचे. हळूहळू जाळीत मेलेली पिल्लं कमी दिसू लागली.

औषधावरच ठेवलेलं दुसरं तळं जवळजवळ सगळं गेलं. तिवरांजवळचं वाचलं, कोलंबी जरा लहानच राहिली, पण जिवंत होती. काशीमीऱ्याहून आलेल्या व्यापाऱ्याने कोणतं औषध घातलं म्हणून विचारलं.

"दवा नहीं है," सासरे म्हणाले. "हमारी बहू को पूछो."

ते वजनाच्या आधीच टोपलीतली मोठी मोठी कोलंबी निवडून बाजूला काढत होते. पिशवी भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, गिरगावला जाऊन ये, आईला दे.