वहिनीचे बूट

माझी थोरली वहिनी सेनगावकडच्या आमच्या गावात आशाताई आहे. गरोदर बायका, तान्ही लेकरं, म्हातारीकोतारी माणसं, सगळ्यांच्या दारी ती पायीच जाते. दोन वर्षांपूर्वी तिची टाच धरली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. तरी तिने एक घर चुकवलं नाही. शेवटी भावाचा फोन आला आणि मी तिला वसमतला माझ्याकडे बोलावून घेतलं.

सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. तिची झिजलेली, सपाट चप्पल हातात धरून ते म्हणाले, "ही आधी सोडा. टाचेला आधार देणारे बूट घ्या."

तिथून थेट दुकानात. म्हाताऱ्या दुकानदाराने वहिनीचे पाय पाहिले. "ताई, संध्याकाळी या. चालून चालून पाय फुगतो. आत्ता घेतलेला बूट दुपारून तकलीफ देईल." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही पाय मापले. उजवा किंचित मोठा निघाला, म्हणून त्याच्या मापाने बायकांचे चार जोड काढले. सगळे पंज्याला आवळत होते. वहिनीने समोरच्या फळीकडे बोट केलं, "ते द्या की."

"ते जेन्ट्सचे हायेत, ताई."

"पायाला काय कळतंय जेन्ट्स अन् लेडीज?"

दुकानदार खुशीत हसले. त्यांनी एक जोड दुमडून दाखवला, "बघा, बोटांपाशी वाकतो, मधून न्हाई. टाच बराबर धरतो." वहिनी तो घालून चालली आणि मग भर दुकानात उकिडवी बसली. मी बघतच राहिलो.

"भाऊजी, लेकराचं वजन करताना असंच बसावं लागतंय," ती म्हणाली. बसणं जमलं, पण नाडी तिला पटेना. "घरोघर उंबऱ्याशी काढावा लागंल. नाड्या सोडत बसले तर घरं कवा करू?"

दुकानदारांनी आतून तसाच, पण चिकटपट्टीचा करडा जोड आणला. तो तिने घेतला.

गावात पहिल्या दिवशी लुगड्याखालचे ते पुरुषी बूट पाहून बायका पदराआड हसल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काहून गं, पलटणीत भरती झालीस का?"

"व्हय," वहिनी म्हणाली, "अन् तुमच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आले. घेतल्या का न्हाई काल?"

टाच काही लगेच सुटली नाही. डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम ती रोज करत होती. दुखणं जायला दोनेक महिने लागले. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा तिच्याबरोबर फेरीला निघालो. पाच घरं होता होता मला धाप लागली आणि मी एका ओट्यावर टेकलो. वहिनी तोवर पुढच्या घरात पोचलीही होती. आतून बाळाचं रडणं आणि तिचं हसणं, दोन्ही ऐकू येत होतं.