ताईचा पेनड्राइव्ह

ताई गेल्यानंतर महिन्याभराने भावोजींचा फोन आला. शाळेतल्या मुलांसाठी ती घरी बसून धडे वाचून रेकॉर्ड करायची, ते सगळे एका पेनड्राइव्हमध्ये होते. "कॉम्प्युटरला लावला तरी दिसतच न्हाय," ते म्हणाले. "तिचा आवाज ऐकायचा होता रे."

मी बोर्लीहून म्हसळ्याला गेलो. पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर टुंग करायचा, पण ड्राइव्हच्या यादीत काहीच यायचं नाही. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहिला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. शेवटी डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तेव्हा कळलं की पेनड्राइव्ह शाबूत आहे, फक्त त्याला D, E असं ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नाही. मी अक्षर दिलं आणि सगळे धडे समोर आले.

त्यातला पहिलाच लावला. ताई नेहमीसारखी सावकाश वाचत होती. मध्येच तिला खोकला आला आणि तो थांबेचना. "जरा पाणी पिते हं, मुलांनो," ती म्हणाली.

भावोजींनी तारीख विचारली. तिला दवाखान्यात नेलं, त्याच्या सहा महिने आधीची होती.

"मी तेव्हा घरातच असणार," ते म्हणाले. "बाजूच्या खोलीत टीव्ही लावून."

मी त्यांची समजूत काढायला हवी होती. पण त्या सहा महिन्यांत ताई माझ्याकडेही दोनदा राहून गेली होती, आणि तिचा खोकला मी ऐकला होता.