पारोळ्याच्या पुढे गेलेला मुराळी

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी असलेली लेक माहेरी येते. ती एकटी येत नाही. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक पिशवी भरून बसून राहते आणि सासरी वर्षभर तोच विषय निघतो.

माझी ताई सावद्याला दिली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी तिला आणायला निघालो आणि पारोळ्याला उतरून घरी परत आलो. गाडी बिघडली नव्हती, अपघात नव्हता. छाती अशी धडधडायला लागली की आपण आता इथेच मरणार असं वाटलं. पुढे दर वर्षी चुलतभाऊ जायचा. यंदा त्याला सुरतेहून सुट्टी मिळाली नाही. आईने मला विचारलंही नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी "जातो" म्हणालो.

मी नववीपर्यंत शिकलो. धुळ्यात लग्नपत्रिका टाइप करतो. एखादी वेलांटी चुकली तरी पत्रिका परत येते, म्हणून सगळं दोनदा तपासायची सवय आहे. प्रवासाचंही तसंच तपासलं, ते तुमच्या कामी येईल. सावद्याला थेट गाडी क्वचित मिळते, जळगावला बदलावी लागते. उन्हाळ्यात पहाटेची गाडी धरा, नंतर बसचा पत्रा तापतो. जाताना डावीकडची खिडकी घ्या, तिकडे ऊन कमी येतं. सुट्टे पैसे ठेवा.

माझ्या शेजारी आंब्यांची पाटी मांडीवर घेतलेले एक आबा बसले होते.

"कोठे चालना भाऊ?"

"सावद्याला. मुराळी म्हणून."

"मंग तोंड असं काबरं करेल शे? बहीणले लेवाले चालना, का कोर्टात तारीख शे?"

मागच्या सीटवरच्या बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. पारोळ्याचं स्टँड आलं तेव्हा मात्र पुढच्या सीटचा दांडा धरून डोळे मिटले. गाडी हलली, तरी एरंडोलपर्यंत उघडले नाहीत. त्यामुळे त्या रस्त्याचं वर्णन माझ्याकडे नाही, माफ करा.

जळगाव स्टँडबाहेर थंड ताक चांगलं मिळतं. भुसावळ सोडून तापी ओलांडली की हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि खिडकीतून येणारी झळ ओलसर होते. फैजपूरच्या पुढे रस्त्याकडेला ट्रक भरणं चालू होतं. माणसं हिरवे घड खांद्यावरून तान्ह्या मुलासारखे आणत होती. तेवढा वेळ मी छातीचे ठोके मोजायचे विसरलो.

ताईचे सासरे ओट्यावरच बसले होते.

"ये बाप्पा, ये. मी तं म्हने, हा मुराळी पारोयाच्या पुढं येतच नाही."

म्हणजे चुलतभावाने सगळं सांगितलेलं होतं. माझे कान तापले. ताईच्या सासूने त्यांना आत हाकललं आणि मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी वाढली. भाजी तिखट असते, सवय नसेल तर आधीच सांगा.

दुसऱ्या दिवशी निघालो. ताई, तिची वर्षाची मुलगी आणि मी. जळगावच्या पुढे गाडी खच्चून भरली, कारण सगळेच मुराळी आपापल्या बहिणी घेऊन निघालेले. आम्हाला अगदी मागची जागा मिळाली. मधल्या वाटेत माणसं आणि बोचकी. दरवाजा दिसेना. एरंडोल गेलं आणि ते आलंच. हातांना मुंग्या, घशात कोरड, कानात नुसती धडधड. भाची माझ्या मांडीवर झोपली होती. माझ्या हातून ती खाली पडेल अशी भीती वाटली, म्हणून तिला ताईकडे दिली.

"तुले काय होई राह्यनं?" ताईने विचारलं.

"मला उतरावंसं वाटतंय."

मला वाटलं, ती समजूत घालेल किंवा रागावेल. सासऱ्यांचा टोमणा तिनेही ऐकला होता.

"उतरूत," ती म्हणाली. "पारोयाले तिन्ही जन उतरूत. दुसरी गाडी भेटी जाई."

पारोळा आलं. ताई खरोखर पिशवी घेऊन उभी राहिली आणि लोकांना "सरका जरासं" म्हणू लागली. खिडकीतून मला स्टँडवरचा एक बाक दिसला. त्या पहिल्या आखाजीला गाडीतून उतरून मी त्यावर बसलो होतो. इतकी वर्षं बाकावरच्या त्या मुलाची, म्हणजे माझीच, मला लाज वाटायची. नजरेसमोर आला की मान फिरवायचो. आज पहिल्यांदा नीट पाहिला. आपण मरतोय अशी त्याची खात्री होती, तरी त्याने टरबूजवाल्याकडे पाणी मागितलं, तोंड धुतलं, धुळ्याची पाटी वाचली आणि कुणाचा हात न धरता गाडीत चढला. त्याच्याबरोबर "उतरूत" म्हणणारं कुणी नव्हतं. तो भित्रा होता हे खरं, पण त्याने मला घरी आणून सोडलं होतं.

"बस, ताई," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाही. पण बस."

पुढचा सगळा रस्ता वाईट गेला. धडधड धुळ्यापर्यंत थांबली नाही. भीती गेली, असं लिहिलं तर खोटं होईल. एवढंच की ती सोबत असताना मी डोळे उघडे ठेवले. म्हणून सांगू शकतो, पारोळ्यानंतरचं रान उन्हाळ्यात उजाड असतं, पण बांधावरचे निंब हिरवेगार असतात.

घरी आईने ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. संध्याकाळी खापरावरचे मांडे आणि आमरस झाला, गल्लीत झोके बांधले गेले. जेवताना आई म्हणाली, "सुरतवाला पुढच्या आठवड्यात येस. तो ताईले सोडी दी."

ताई ताटातला रस बोटाने सारखा करत राहिली.

"मीच सोडेन," मी म्हणालो.

मग उठून मोरीत गेलो आणि हात धुवायचं निमित्त करून बराच वेळ उभा राहिलो. बाहेर आई ताईला हळूच विचारत होती, "जाई का तो?"

"जाई," ताई म्हणाली. "भीत भीत जाई."