कूलर बंद करून पाहिलेला शेवट

त्या गेममधली बाई लाल कोट घालून, छत्री फिरवत गच्च्यांवरून अशी काही चालायची की बघत राहावं. आभाळ जांभळं, घरं शाईनं काढलेली. शत्रू समोर आला तर मारामारी नाही, त्याच्यापुढे नाचायचं. तो लाजून बाजूला व्हायचा. ताईनं नागपूरच्या फुटपाथवरून त्या गेमची सीडी आणली आणि आम्ही दोघी बहिणी खुळावलो.

खोटं कशाला बोलू, गेम म्हणून तो अगदी भिकार होता. कॅमेरा भिंतीत घुसायचा. उडी मार म्हटलं की बाई मागे सरकायची. अक्षरं कुठल्या देशाची होती, देव जाणे. आणि तो सेव्ह व्हायचा नाही, म्हणजे एका बैठकीत संपवायचा किंवा सोडून द्यायचा. बंदुकांचे गेम खेळणारे आमचे चुलतभाऊ नाक मुरडायचे. मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. तुमच्या बंदूकवाल्याला असं चालून दाखव म्हणावं!

ताईचं लग्न समुद्रपूरला ठरलं, मे महिन्यातलं. सासरी कॉम्प्युटर नव्हता आणि आम्ही अजून शेवट पाहिला नव्हता.

"हळद लागाच्या आधी पाहूच," ताई म्हणाली.

सकाळ-संध्याकाळ लोडशेडिंग, रात्री कॉम्प्युटरच्या खोलीत सगळे झोपायचे. उरायची दुपार. पण दुपारी व्होल्टेज इतकं पडायचं की कूलर सुरू केला की कॉम्प्युटर बंद पडायचा. आमच्या घरी त्या वेळी कूलरपुढे बाबा झोपायचे, दुकानातून जेवायला आलेले. वर्ध्याच्या मे महिन्यात त्यांचा कूलर बंद करणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं.

हळदीच्या आदल्या दिवशी ताईनं तो हात घातलाच. ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन आम्ही बसलो. शेवटची गच्ची आली आणि बाबा घामाघूम होऊन उठले.

"काऊन वं, कूलर काऊन बंद केला?"

"शेवट पाहाचा आहे, बाबा. उद्या हळद. मंग मले कुठं पाहाले भेटते?"

बटणाकडे गेलेला त्यांचा हात थांबला. बनियननं तोंड पुसत ते आमच्या मागे सतरंजीवर येऊन बसले.

"हे बाई एवढी काऊन नाचून राह्यली?"

"तिचं तसंच आहे, बाबा."

मला हसू येत होतं. ताई मात्र डोळे न हलवता खेळत होती.

मग शेवट आला. बाईनं छत्री मिटली, शिडी उतरली आणि पडद्याबाहेर निघून गेली. उरली नुसती गच्ची. मी चिडलेच. एवढ्यासाठी इतका उकाडा सोसला?

ताईनं कीबोर्डवरून हात काढले.

"थे वापस नाई येत का?" बाबांनी विचारलं.

"नाई, बाबा. संपलं."

बाबा पडद्याकडेच पाहत होते.

"मंग अजून एकदा लाव," ते म्हणाले.