मामाचं रक्त आणि माझं लिव्हर

मंडळी, आज दुपारी रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह.

मला जन्मापासून थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. लिव्हर सुजलंय ते सतत रक्त चढवून अंगात साठलेल्या लोहामुळे, असंच सगळे धरून चाललो होतो. या वेळी डॉक्टरांनी विषाणूची तपासणीही करून घेतली. पूर्वी कधीतरी चढवलेल्या रक्ताच्या पिशवीतून आला असणार, म्हणाले. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, बहुतेक लोक बरे होतात. ठीक आहे.

पंचाईत झाली ती एसटी स्टँडवर. सोबत मामा होता. मुरुडला त्याची होडी आहे. मी लहान असल्यापासून तो माझ्यासाठी रक्त देतो आणि "पोरीत माजंच रगत हाय" असं कोळीवाडाभर सांगतो. आज त्याने हळूच विचारलं, "ह्यो रोग माज्याच रगतातनं ग्येला न्हाय ना गो?"

मी सांगून टाकलं, "नाही मामा. तू दिलेलं रक्तपेढीत जातं. मला दुसऱ्याच कुणाचं तरी मिळतं. आपला रक्तगटसुद्धा एक नाही."

वाटलं, जीव भांड्यात पडेल त्याचा. पण मुरुडची गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं तुज्यात माजं कायच न्हाय?"

मी त्याला खिडकीची जागा दिली आणि दोघांची तिकिटं काढली. तुम्ही काय सांगितलं असतंत?